सोमवारची गोळी

परवा फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, आपण केस जिंकलो का?" मी म्हणाले, अजून नाही. "मग हरलो का?" तर तेही नाही. तेवढ्यात तुमच्या बाबांनी फोन घेतला आणि तिकडच्या थंडीबद्दल बोलायला लागले. तुमच्यासमोर हा विषय काढायचा नाही, असं त्यांनी ठरवलेलं आहे. हेतू चांगलाच आहे. पण तुम्ही दोघं मोठे व्हाल. कुणीतरी तुम्हाला सांगेल की आजोबा औषधाच्या चुकीमुळे गेले. आणि कुणीतरी असंही सांगेल की चूक आजीची होती. हे दुसरं वाक्य आता शिक्क्यासकट कागदावर आहे. म्हणून माझंही म्हणणं कागदावर असलेलं बरं.

सुरुवातीपासून सांगते. सगळा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात गेला, त्यामुळे क्रम सोडून मला सांगताच येत नाही.

आजोबांना संधिवात होता, हे तुम्हाला आठवत असेल. सकाळी त्यांची बोटं वळायची नाहीत. शर्टाची बटणं मी लावायची आणि ते म्हणायचे, "ग्रंथपालबाई, पुस्तकाला कव्हर घालून झालं असेल तर चहा टाका." त्यांना एका डॉक्टरांचा गुण आला. तेव्हा त्यांचा दवाखाना लहान होता, बाहेर दोन बाकडी होती, आणि ते स्वतः दारापर्यंत येऊन आजोबांना हात धरून आत न्यायचे. त्यांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. दोन्ही पिवळ्या, दोन्ही बारीक. एक आठवड्यातून एकदाच घ्यायची, दुसरी उरलेल्या दिवशी रोज.

"पहिलीचा वार पक्का करा काका," ते म्हणाले. "त्या वाराशिवाय तिला हात लावायचा नाही."

"सोमवार," आजोबा म्हणाले. "सोमवारी माझा उपवास असतो. सकाळच्या गाडीनं वेरूळला जातो. विसरायचा प्रश्नच नाही."

"मग ही महादेवाची गोळी," डॉक्टर हसून म्हणाले.

तेव्हापासून आम्ही तिघंही तिला तेच म्हणत आलो. दर खेपेला डॉक्टर आधी विचारायचे, "काका, महादेवाची गोळी चालू आहे ना?" आणि आजोबा सांगायचे, "चालू आहे, पण महादेव फी घेत नाही, तुम्ही घेता."

आता जे सांगते ते मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर कळलं. पहिल्या गोळीचं नाव मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदा घेतली तर सांध्यांना आराम देते. तीच रोज घेतली तर हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथलं कामच बंद पाडते, मग शरीराला साध्या जंतूंशीही लढता येत नाही. दुसरी गोळी म्हणजे साधं जीवनसत्त्व, पहिलीचा त्रास कमी व्हावा म्हणून दिलेलं.

पुढे डॉक्टर एका मोठ्या नव्या हॉस्पिटलात गेले. तिथे चिठ्ठी हाताने लिहीत नव्हते. शेजारी बसलेला मदतनीस संगणकावर टाइप करायचा, छापील कागद बाहेर यायचा आणि डॉक्टर खाली सही करायचे. त्या दिवशी गर्दी होती. कागदावर दोन ओळींची अदलाबदल झाली. सोमवारची गोळी रोज रात्री, आणि रोजची गोळी फक्त सोमवारी. खाली डॉक्टरांची सही.

मी ते वाचलं. वाचल्याशिवाय मी कुठलाही कागद घडी करत नाही. तळमजल्यावर हॉस्पिटलचंच औषधाचं दुकान होतं, तिथल्या माणसाला मी विचारलं, "अहो, ही आमची सोमवारची गोळी आहे. इथे रोज लिहिलंय."

"अम्मा, कंप्युटर में जो आया वोच देता मैं. साब की सही है ना नीचे?"

"सही आहे, पण..."

"डोस बढाए होंगे. घुटने दुखते ना साब के?"

दुखत होते. त्या दिवसांत तर खूपच दुखत होते, म्हणूनच गेलो होतो. तरी माझं समाधान झालं नाही. आजोबांना बाकावर बसवलं आणि मी परत वर निघाले. लिफ्टपाशीच डॉक्टर भेटले, कानाला फोन लावून उभे होते. मी म्हटलं, "डॉक्टर, सोमवारची गोळी आता रोज केलीत का?" त्यांनी फोन जरासा बाजूला केला. "हो हो, लिहिल्याप्रमाणं सुरू ठेवा काकू." ते आत शिरले आणि लिफ्टचं दार बंद झालं.

हे एवढं लक्षात ठेवा. मी विचारलं होतं. दुकानात विचारलं होतं आणि ज्यांनी सही केली त्यांनाही विचारलं होतं.

त्या रात्रीपासून मी ती गोळी रोज त्यांच्या तळहातावर ठेवू लागले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "रोज रोज? महादेव वैतागेल की."

आधी तोंड आलं. आम्हाला वाटलं, सोमवारी भगरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा जास्त झाला. मी तूप लावलं, तोंडली चावायला दिली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, उष्णता झालीय, सब्जा द्या. सब्जा दिला. मग वरण-भातही गिळता येईना. दुधात पोळी कुस्करून दिली तरी डोळ्यांत पाणी यायचं. पण गोळी मात्र ते कशीबशी घ्यायचे, कारण डॉक्टरांचं औषध चुकवायचं नाही हा त्यांचा नेम. एकदा घशाखाली उतरेना, तेव्हा मी ती चमच्यात मधाबरोबर कुटून दिली. दंडावर काळेनिळे डाग दिसले. मग ताप आला आणि उतरलाच नाही.

आम्ही त्यांना घराजवळच्या दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल पाहिला, मग माझी औषधांची पिशवी उघडली, मग सगळ्यांसमोर विचारलं, "ही गोळी यांना रोज कोण देतंय?"

"मी," मी म्हणाले आणि चिठ्ठी पुढे केली.

त्यांनी चिठ्ठी वाचली. माझ्याकडे पाहिलं नाही. नर्सला एवढंच म्हणाले, "आधी ही बंद करा."

त्याच आठवड्यात आजोबा गेले. शेवटी त्यांना बोलता येत नव्हतं. बाबा विमानातून उतरून पोचले तेव्हा फक्त हात हलवला. दवाखान्याने जो कागद दिला त्यावर मृत्यूचं कारण लिहिलं होतं, जंतुसंसर्ग. गोळीचा उल्लेखही नव्हता. मी त्या डॉक्टरांना भेटायला गेले. ते म्हणाले, "मावशी, संसर्ग होताच. मी जे पाहिलं ते लिहिलं."

"तुम्ही गोळीसुद्धा पाहिली होती."

"ती मी लिहिलेली नव्हती," ते म्हणाले आणि उठले.

ग्राहक आयोगात तक्रार करता येते, असं कुणीतरी सांगितलं. गुलमंडीत साड्यांच्या दुकानावर एक वकीलबाई बसतात. जिना चढताना खालून विक्रेते हाका मारतात, "या मावशी, बघून तर जा, घ्यायचं नका घेऊ!" आणि वर ह्या बाई फायलींच्या ढिगाआडून विचारतात, "बोला काकू." त्यांच्या खुर्चीमागे बाबासाहेबांचा फोटो आहे आणि टेबलावर नेहमी अर्धा प्यालेला चहा. वयाने माझ्या सुनेएवढ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नेमकं काय पाहिजे तुम्हाला?"

"चूक झाली असं त्यांनी म्हणावं."

"त्याचं कलम नाही काकू. कलम भरपाईचं आहे. त्याच्या पोटात तुमचं वाक्य बसवू."

मग सामनेवाल्यांचं उत्तर आलं. आयोगाच्या भाषेत डॉक्टर आणि हॉस्पिटल हे 'सामनेवाले', मी 'तक्रारदार'. उत्तर इंग्रजीत होतं, अगदी सफाईदार. मी ते वकीलबाईंच्या समोर बसूनच वाचलं. त्यात होतं, तक्रारदार या उच्चशिक्षित असून इंग्रजी उत्तम जाणतात. सदर गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, हे त्यांना पूर्वीपासून माहीत होतं. गोळीच्या पाकिटावर तसा इंग्रजी इशाराही छापलेला होता. छपाईतली किरकोळ तफावत त्यांच्यासारख्या व्यक्तीच्या सहज लक्षात यायला हवी होती. तरीही त्यांनी स्वतःच्या हातांनी गोळी दिली. लिफ्टपाशी झालेली म्हणतात ती भेट झालेलीच नाही. आणि वार ठरवून दिल्याचं सामनेवाल्यांना स्मरत नाही.

माझ्या वडिलांनी मला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा घरात भांडण झालं होतं. मुलीला काय करायचंय इंग्रजी, असं माझी आजी म्हणाली होती. ते इंग्रजी माझ्या अंगावर असं फेकलेलं वाचताना मला पाणी मागावं लागलं.

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही निरक्षर असता ना काकू, तर आपली केस सोपी होती." मग माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "चेष्टा केली हो. पण खरं आहे."

सामनेवाल्यांनी आपल्या बाजूने एका तज्ज्ञाचं मतही जोडलं होतं, वयामुळे आणि संसर्गामुळे मृत्यू, म्हणून. आता आपल्यालाही एका डॉक्टरचा कागद हवा होता, की ही गोळी रोज लिहिणं ही चूकच. मला ते सोपं वाटलं. आमच्या कॉलेजच्या अभ्यासिकेत बसून शिकलेली किती तरी मुलं आज या गावात डॉक्टर आहेत. परीक्षेच्या दिवसांत त्यांच्यासाठी मी अभ्यासिका उशिरापर्यंत उघडी ठेवायची. घरी आजोबा जेवायचे थांबलेले असायचे.

काहींनी फोन घेतला नाही. काहींनी घेतला आणि मीटिंग निघाली. एकाकडे मी थेट गेले. मला पाहून तो खुर्चीतून उठला, मी बसेपर्यंत उभाच राहिला. बाहेरच्या रुग्णांना थांबवून ठेवलं, चहा मागवला. चिठ्ठी वाचल्यावर म्हणाला, "मॅडम, चूक आहे. यात शंकाच नाही."

"मग तेवढंच लिहून दे."

तो चिठ्ठीची घडी करत राहिला. घडी झाली तरी बोटं फिरवतच होता. "मॅडम, दिवसाला किती चिठ्ठ्या लिहितो मी. उद्या माझी एखादी अशी निघाली तर?"

"निघाली तर कबूल कर."

"तुम्ही अभ्यासिकेतसुद्धा असंच बोलायचात," तो म्हणाला आणि हसायचा प्रयत्न केला. "चहा गार होतोय."

मी चहा घेतला नाही. बाहेर आले तर रिक्षावाल्याला कुठे जायचं ते सांगता येईना. त्या बिचाऱ्याने दोनदा विचारलं. या गावात पन्नास वर्षं संसार केला आणि एक ओळ लिहून देणारा माणूस मला मिळत नव्हता. औषधाच्या दुकानातला तो मनुष्यही नोकरी सोडून हैदराबादला गेला होता. घरी येऊन मी आजोबांच्या खुर्चीकडे पाठ करून बसले. तुम्ही तेव्हा फोन केला होता, मी उचलला नाही. बोलले असते तर रडले असते.

नंतर एका तारखेला आयोगाच्या व्हरांड्यात मी बाकावर बसले होते. तारीख म्हणजे बरेचदा नुसतं बसणं. तर समोरून तेच डॉक्टर आले, बरोबर त्यांचे वकील. केस पांढरे झाले होते. मला पाहिलं आणि काय झालं कुणास ठाऊक, पूर्वी दवाखान्यात वाकायचे तसे वाकले आणि पायाला हात लावला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सुखी राहा."

सवयच ती. कुणी वाकलं की तोंडातून तेच येणार. पण ते सरळ उभे राहीपर्यंत मला भान आलं. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "डॉक्टर, लिफ्टपाशी विचारलं होतं मी तुम्हाला. आठवतं ना?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी आधी आपल्या वकिलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "काकू, मला इथं बोलायची मुभा नाही." आणि हात हलकेच सोडवून घेतला.

वकीलबाईंना कळलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून बसल्या. "काकू! आशीर्वाद दिलात आरोपीला?"

"आरोपी नाही. सामनेवाला," मी म्हटलं.

"व्हय, सामनेवाला. आता बघा, त्यांना वाटणार म्हातारी विरघळली."

तसंच झालं. थोड्याच दिवसांत त्यांच्याकडून तडजोडीचा मसुदा आला. भरपाई देऊ केली होती. ती पुरेशी होती, तुमच्या बाबांच्या मते चांगलीच होती. पण ती 'कोणतीही चूक मान्य न करता, केवळ माणुसकीच्या भावनेतून' होती. आणि शेवटी एक अट. या प्रकरणाबद्दल तक्रारदार यापुढे कुणाशीही, कुठेही, तोंडी किंवा लेखी काही बोलणार नाहीत.

बाबा फोनवर म्हणाले, "आई, सही कर आणि इकडे ये. तुझी खोली तयार आहे. मुलं रोज विचारतात."

"त्यांना मी काय सांगू, आजोबा कशाने गेले?"

"आजारी होते, असं सांग."

"आजारी नव्हते रे. बोटं दुखत होती."

मग चिडून म्हणाले, "तू केस लढत नाहीयेस आई. तुला कुणीतरी म्हणायला हवंय की तुझी चूक नव्हती. आम्ही म्हणतोय ना! आमचं म्हणणं चालत नाही का तुला?"

खरंच चालत नाही. तुमच्या बाबांना हे लागलं, मला ठाऊक आहे. पण ते तेव्हा लिफ्टपाशी नव्हते. आजोबांच्या तळहातावर गोळी मी ठेवली, आणि मला ती ठेवायला कुणी सांगितली हे एकच माणूस सांगू शकतो. मी मसुदा सही न करता परत पाठवला. अमेरिकेचं तिकीटही रद्द केलं, कारण तारखेला मी हजर असावं असं वकीलबाईंचं म्हणणं होतं. धाकटीच्या वाढदिवसाला मी आले नाही, त्याचं कारण हे.

शेवटचा युक्तिवाद मागच्या महिन्यात झाला. योगायोग बघा, सोमवार होता. आमच्याकडे तज्ज्ञाचा कागद नव्हता. वकीलबाईंनी चिठ्ठीच पुढे ठेवली. म्हणाल्या, "ही गोळी रोज देतात असं लिहिलेलं कुठलंही वैद्यकीय पुस्तक सामनेवाल्यांनी दाखवावं, यासाठी तज्ज्ञ कशाला लागतो?" त्या चांगलं बोलल्या. मग समोरचे वकील उठले आणि माझं शिक्षण वाचून दाखवलं, पदवीपासून नोकरीपर्यंत. सगळ्या खोलीसमोर. मी मान खाली घातली.

अध्यक्षांनी विचारलं, "आजी, तुम्ही वाचलं होतं, तुम्हाला शंका आली होती, मग विचारलं का नाही?"

मी उभी राहिले. "विचारलं होतं, साहेब."

"कुणाला?"

"ते बसलेत," मी म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. डॉक्टर दुसऱ्या रांगेत होते. त्यांना कुणी प्रश्न विचारलेला नव्हता, त्यांनी उत्तर द्यायची गरजही नव्हती. तरी मी वाट पाहिली. एवढीशी खोली, पंख्याचा आवाज, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न. मला वाटलं, उठतील. आत्ता उठतील. ते खाली पाहत राहिले. त्यांच्या वकिलांनी त्यांच्या दंडावर हात ठेवलेला होता.

"याचा काही पुरावा?" अध्यक्षांनी सौम्यपणे विचारलं.

"नाही, साहेब," मी म्हटलं आणि बसले. वकीलबाईंनी टेबलाखालून माझा हात धरला आणि कामकाज संपेपर्यंत धरूनच ठेवला.

निकाल राखून ठेवला आहे. कधी लागेल, कसा लागेल, ते वकीलबाईही सांगत नाहीत, आणि एरवी त्या बोलायच्या थांबत नाहीत. आपल्या बाजूने लागला तरी ते सामनेवाले वर अपील करतील, असं म्हणतात. तोवर मी असेन का, हा विचार आता सकाळी उठल्याबरोबर येतो. माझ्याही रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. दुकानात मी प्रत्येक गोळी तीन-तीनदा विचारते आणि तिथली मुलगी मागच्या गिऱ्हाइकाकडे बघून डोळे फिरवते. फिरवू दे. घरी आणलेली गोळी तळहातावर घेतली की बोटं मिटत नाहीत, बराच वेळ तशीच बसते.

तडजोडीवर सही केली असती तर हे तुम्हाला लिहिता आलं नसतं. ती अट वाचली तेव्हा मला आधी तुम्ही दोघंच आठवलात. भरपाई मिळेल न मिळेल, डॉक्टर कधी बोलतील न बोलतील. लिफ्टपाशी तिसरं कुणी नव्हतं. ते गप्प आहेत, आणि मी गेल्यावर ती गोष्ट घडलीच नाही असं होईल. म्हणून हे तुमच्याजवळ ठेवते आहे. मी विचारलं होतं, बाळांनो. मी स्पष्ट शब्दांत विचारलं होतं, आणि ते हो म्हणाले होते.